डोंगरातलं धनुष्य आणि पुढची ती दांडी

[पहाट. अंधारात हेडलॅम्पचा लाल उजेड, बुटांचा आवाज]

सप्टेंबर महिना, कोलोरॅडो, रॉकी पर्वत. आपण आत्ता साधारण ८,००० फुटांवर आहोत, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंची, आणि पुढं चाललाय तो माझा मित्र, मूळचा साताऱ्याचा, आता डेन्व्हरला असतो. पाठीवर सॅक, हातात कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं असलेलं. एल्कच्या मागावर निघालाय. एल्क म्हणजे हरीणच, पण आपल्या सांबरापेक्षाही थोराड, मोठा नर ३०० किलोच्या वर जातो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे सगळं बंद झालं आणि बरंच झालं. इथं मात्र लायसन्स काढून, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून, ठरलेल्या सीझनमध्ये रीतसर शिकार चालते. ती करावी का नाही हा वाद मोठा आहे, आज तो नको. आज फक्त धनुष्याच्या पुढं ती जी दांडी दिसतेय ना, तिच्याबद्दल बोलू.

[क्लोजअप: काळी कार्बनची दांडी, टोकाला स्टीलच्या चकत्या]

हा स्टॅबिलायझर. २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हा टीव्हीवर बघितलं असेल, धनुष्यातून पुढं भल्या लांब काठ्या निघालेल्या. ते कशाला असतं? तर डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालताना हातात आडवी लांब काठी धरते ना, तेच लॉजिक. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं ते सहज हलत नाही, हात थरथरला तरी नेम लगेच ढळत नाही.

आणि इथंच बहुतेक जण फसतात, दुकानात जाऊन वजनदार काहीतरी उचलतात. थोडं गणित करू, ढोबळच, दांडीचं स्वतःचं वजन सोडून. ६ इंची दांडी, टोकाला ८ औंस. सहाचा वर्ग ३६, गुणिले ८, झाले २८८. आता १० इंची दांडी घ्या आणि टोकाला फक्त ४ औंस, दहाचा वर्ग १००, गुणिले ४, म्हणजे ४००. टोकाचं वजन निम्म्यावर आलं आणि स्थिरता उलट वाढली! कारण लांबीचा वर्ग होतो, वजनाचा नाही. ज्याला दिवसभर चढायचंय त्यानं वजन नाही, लांबी विकत घ्यावी.

मग स्पर्धेतली ३० इंची का नाही लावत? लावून बघा आणि मग या झाडीत शिरा.

[ओकची दाट झुडपं, फांद्या सरकवत जाणारा हात]

इथं ओकची खुरटी झुडपं आहेत, कमरेएवढी, डोक्याएवढी, सगळं अडकतं. गुडघ्यावर बसून मारायची वेळ आली तर लांब दांडी उतारावर जमिनीला टेकते. म्हणून शिकारवाले साधारण ८ ते १२ इंचांत राहतात. मित्राची १० ची आहे. ४-५ इंची रबरी गोंडे पण मिळतात, ते बाण सुटल्यावरची कंपनं खातात, पण नेम धरायला त्यांचा उपयोग फारसा नाही. बारीक दांडी घ्यावी, कड्यावर वारा आडवा असतो आणि जाड दांडीला तो ढकलतो. आटे मात्र जवळजवळ सगळीकडं सारखेच असतात, ५/१६ इंच, त्यामुळं धनुष्य एका कंपनीचं आणि दांडी दुसरीची, बसून जाते.

आता एक गोष्ट जी सरावाच्या सपाट मैदानावर पटकन कळत नाही. उजव्या हाताच्या धनुष्यावर साइट, म्हणजे नेम धरायची खूण, ती पण उजवीकडं आणि बाणांचा भाता पण उजवीकडं, म्हणजे धनुष्य आपसूक उजवीकडं कलतं. साइटमध्ये गवंड्याच्या लेव्हलसारखा छोटा बुडबुडा असतो, तो बाजूला पळतो आणि आपण मनगट पिळून त्याला मध्ये आणत बसतो. तिरक्या उतारावर तर आपलंच अंग तिरकं असतं, त्यात हे. उपाय म्हणजे मागं डाव्या बाजूला छोटा बॅक बार, म्हणजे मागं निघणारी दुसरी छोटी दांडी. चेक करायचं सोपं आहे, डोळे मिटून धनुष्य ताणायचं, मग उघडायचे, बुडबुडा मध्ये असला तर ठीक. आणि हे भाता भरलेला ठेवून करायचं, लोक रिकाम्या भात्यानं करतात आणि मग डोंगरात येऊन नवल करतात!

नुसतं धनुष्य २ किलोच्या आसपास, त्यावर साइट, बाण टेकवायची रेस्ट, बाण, दांड्या, सगळं मिळून जवळपास ३ किलो. बसल्या जागी काही वाटत नाही. पण एल्क ५० पावलांवर थांबला, पुढं येईना आणि तुम्ही धनुष्य ताणून बसलाय, तेव्हा ताणायला ७० पाउंड जोर लागणाऱ्या धनुष्यात लेट-ऑफनंतर, म्हणजे चाकं फिरून ताण हलका झाल्यावर, दोरीवर १४ पाउंडच राहतात हे खरं, पण डाव्या हातावर ते ३ किलो पूर्णच असतात, त्यात विरळ हवेत छाती लोहाराच्या भात्यासारखी हलतेय. म्हणून हा पठ्ठ्या घरी बिल्डिंगचे जिने धावत चढून उतरायचा आणि लगेच मारून बघायचा, चकत्या एकेक कमी-जास्त करत. किती वजन ठेवायचं ते धाप लागल्यावरच कळतं.

[लांबून एल्कची शीळ, धुकं]

ऐकलं? नर आहे. दरीच्या पलीकडं असेल.

मित्र थांबलाय. आज तिसरा दिवस, हात भरून आलेत. टोकाची एक चकती फिरवून काढली, एक औंस फक्त, आणि खिशात टाकली. ती किल्लीवर आपटून वाजली. तो जागच्या जागी गोठला, मग हळूच काढून रुमालात गुंडाळली आणि परत खिशात ठेवली.