चहातलं आलं

नमस्कार श्रोतेहो. 2021 चा एप्रिल आठवतोय ना? आमच्या वाड्यातल्या नानांना करोना होऊन आठवा दिवस होता. ताप उतरलेला. नाना खोलीच्या दारात शब्दकोडं सोडवत बसलेले आणि काकूंपाशी एकच तक्रार, "चहात आलं घालत जा गं." काकू म्हणायच्या, "अहो, बोटभर ठेचून घातलंय!"

शेजारच्या पोरीने रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आणून दिला. नानांच्या बोटाला लावला. 84! नाना म्हणाले, "बिघडलाय." बोट लेंग्याला पुसलं, परत लावला. 83. काकूंनी स्वतःच्या बोटाला लावला, तर 97. तरी नाना हटेनात, "याला बायकांचीच बोटं कळतात वाटतं!" धाप नाही, कण्हणं नाही, उलट आडवा सातवा शब्द आम्हालाच विचारतायत.

हे कसं होतं? जीव घाबरा होतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की. या आजारात फुप्फुसं तो बराच काळ बाहेर टाकत राहतात, ऑक्सिजन मात्र आत पुरेसा जात नाही. म्हणून माणूस गप्पा मारत असतो आणि आतून रिता होत असतो.

विषाणू नाकाघशातून शिरतो. बहुतेकांचं तिथेच निभावतं. काहींच्या मात्र दुसऱ्या आठवड्यात शरीराची स्वतःचीच फौज, म्हणजे प्रतिकारशक्ती, बेभान होते. फुप्फुसातले हवेचे फुगे सुजतात, पाण्याने भरतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. पुन्हा सांगते, दुसऱ्या आठवड्यात. ताप उतरला की सुटलो, असं नाही.

ही फौज आवरायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत जून 2020 मध्ये दिसलं, की ऑक्सिजन लागणाऱ्यांचे जीव त्याने वाचतात. न लागणाऱ्यांना फायदा नाही. आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी बघून पहिल्याच दिवशी गोळ्या! काढ्यांचं तर बोलायलाच नको. दिवसाला पाच पेले मिरी-दालचिनी ढोसून पोटात आग पडलेली किती माणसं पाहिली मी. असो.

नाना दवाखान्यात बारा दिवस होते, त्यातले बरेचसे पालथे झोपून. तसं झोपलं की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोकळा होतो. घरी आले, तरी चव परतायला महिना लागला. मग एका सकाळी कप खाली ठेवून म्हणाले, "आज आलं जास्त झालंय."

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.