लष्करातलं आरमार

नमस्कार, श्रोतेहो.

ग्वाल्हेरच्या माणसानं समुद्राबद्दल बोलावं, म्हणजे शाकाहाऱ्यानं सुरमईची चव सांगावी. आमचे पूर्वज इथं आले ते घोड्यांवर बसून. आमच्या लष्कर या ग्वाल्हेरच्या भागात, बाड्याच्या चौकाच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये नळाला धार धरली तरी शेजारी एकमेकांना हाका मारतात. सागरी मोहीम म्हणाल, तर पाहुणे आले की तिघऱ्याच्या धरणावर अर्धा तास नावेत बसायचं. तरीही गेली तीन वर्षं दर उन्हाळ्यात मी हिंदी महासागरात आरमार घेऊन उतरतो. माजघरातल्या टेबलावर, पटावरच्या युद्धखेळात.

तसं पाहिलं तर आमच्या गावाचं एक जहाज होतं. पहिल्या महायुद्धात माधवराव शिंदे महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाचं जहाज विकत घेऊन त्याचं तरंगतं इस्पितळ केलं आणि त्याला नाव दिलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर ते वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या नव्या कंपनीकडे गेलं. कंपनीचं नावही शिंद्यांवरूनच पडलं, सिंदिया. ५ एप्रिल १९१९ला ते मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून त्या तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. बरोबर तेवीस वर्षांनी, ५ एप्रिल १९४२ला, ईस्टरच्या रविवारी सकाळी जपानी विमानं कोलंबोवर आली. माझा डाव याच तारखेभोवती फिरतो.

मी असतो ॲडमिरल सॉमरव्हिल, ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या आरमाराचा प्रमुख. माझा भाचा असतो नागुमो, जपानी विमानवाहू ताफ्याचा प्रमुख. त्याच्याकडे पाच मोठ्या विमानवाहू नौका आहेत: अकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू, झुईकाकू. विमानं अडीचशेच्या वर. माझ्याकडे इंडॉमिटेबल आणि फॉर्मिडेबल या दोन मोठ्या, हर्मिस ही एक लहान आणि म्हातारी. तिन्ही मिळून विमानं शंभरसुद्धा भरत नाहीत. टॉर्पेडो टाकणारं माझं अल्बाकोर हे विमान दुहेरी पंखांचं, पंखांवर कापड ताणून बसवलेलं. माझ्या पाचही युद्धनौका पहिल्या महायुद्धातल्या. ‘वारस्पाइट’ला तरी नंतर नवं रूप दिलेलं, बाकी चार म्हाताऱ्याच. त्या चालतात बैलगाडीसारख्या आणि त्यांच्यावर गोड्या पाण्याची कायम टंचाई. लष्करातल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही.

पटावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं आहेत. एक घर म्हणजे तीस सागरी मैल, एक पाळी म्हणजे चार तास. म्हाताऱ्या युद्धनौका पाळीला दोन घरं सरकतात, विमानवाहू तीन. आता दोघांच्या सोंगट्या दोघांनाही दिसल्या तर ते बुद्धिबळ झालं. समुद्रावरच्या लढाईत निम्मं युद्ध शत्रू शोधण्यातच जातं. म्हणून आम्ही दोन खोल्यांत दोन पट मांडतो आणि मधल्या खोलीत तिसरा, पंचाचा. हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचा. कोणाला काय दिसलं ते पंच फासा टाकून ठरवतो आणि तेवढंच परत चिठ्ठीवर येतं. पंच आमची सौ. तिला क्रूझर आणि विनाशिका यांतला फरक विचारला तर ती म्हणते, ‘‘एक मोठी सोंगटी, एक छोटी.’’ पण तिच्याइतका निःपक्षपाती पंच मिळणार नाही, कारण दोघांपैकी कोणीही जिंकलं तरी तिला सुखदुःख नाही.

पहिले दोन उन्हाळे मी सॉमरव्हिलला भित्रा समजत होतो. कागदावर त्याची कहाणी तशीच दिसते. हल्ला १ एप्रिलच्या सुमाराला होणार अशी गुप्त खबर त्याला मिळाली होती. तो सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, दक्षिणेला तीन दिवस आरमार घेऊन टपून बसला. कोणी आलं नाही. तेल आणि पाणी संपत आलं, तेव्हा तो मालदीवमधल्या अड्डू नावाच्या गुप्त तळावर गेला, म्हणजे सहाशे मैल लांब. जाताना कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशायर या दोन क्रूझर त्यानं कोलंबोला पाठवल्या, हर्मिस सिलोनच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला. ४ तारखेला आरमार अड्डूला तेल भरत असतानाच लेनर्ड बर्चल या कॅनडाच्या वैमानिकाला आपल्या कॅटलिना विमानातून जपानी आरमार दिसलं. त्यानं बिनतारी संदेश सुरू केला आणि जपान्यांच्या झीरो या लढाऊ विमानांनी त्याला पाडलं. तो जगला, युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. त्याच्या त्या संदेशामुळे कोलंबो बंदरातली बरीच जहाजं रातोरात बाहेर काढता आली. शहरातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाची धावपट्टी करून तिथं हरिकेन विमानं ठेवली होती, त्याचा जपान्यांना पत्ताच नव्हता. आपल्या स्टेशनाजवळच्या रेसकोर्स रोडवरून लढाऊ विमान उडालं तर कसं वाटेल, तसं.

पण सॉमरव्हिलकडे परत निघालेल्या त्या दोन क्रूझर ५ तारखेच्या दुपारी सापडल्या. वीसेक मिनिटांत दोन्ही बुडाल्या. चारशेच्या वर माणसं गेली. अकराशेच्या वर दुसऱ्या दिवशी समुद्रातून जिवंत काढली. ६ तारखेला दुसऱ्या जपानी तुकडीच्या विमानांनी आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. ९ तारखेला हर्मिस बुडाली, तिची विमानं किनाऱ्यावर राहिली होती.

हे सगळं मला पाठ असल्यानं मी पहिले तीन-चार डाव आरामात खेळलो. क्रूझर कोलंबोला पाठवायच्याच नाहीत, अड्डूला दोन दिवस आधी जाऊन यायचं, ५ तारखेला ताजंतवानं हजर. भाचा वैतागला. म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही पेपर फुटलेल्या परीक्षेत पहिले येताय.’’ बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: भाच्यानं आपल्या खोलीत गुपचूप दोन फासे टाकायचे. एकावर हल्ल्याचा दिवस, दुसऱ्यावर ठिकाण. कोलंबो, त्रिंकोमाली, मद्रास, कुठंही. मला काहीच कळत नाही. त्या दिवसापासून मी एकदाही जिंकलेलो नाही, आणि सॉमरव्हिलबद्दल एक शब्द वाकडा बोललेलो नाही.

कारण विमानांचं गणितच असं आहे. दिवसा समोर गेलो तर मी संपलो. त्याची विमानं माझ्यापेक्षा लांब जातात, संख्येनं तिप्पट आहेत. माझ्याकडे एकच हुकमी पत्ता: काही अल्बाकोरवर रडार आहे, त्यांना रात्री जहाज सापडू शकतं. तेव्हा दिवसा पश्चिमेकडे पळायचं आणि अंधार पडला की पुढं सरकायचं. सॉमरव्हिलनं हेच केलं. भाच्याचीही एक गोची आहे, ती मला फार आवडते. त्याच्या विमानांना जमिनीसाठी बॉम्ब लागतात आणि जहाजांसाठी टॉर्पेडो. बदलायचे तर एक अख्खी पाळी जाते, आणि तोवर डेकखाली तेल, बॉम्ब आणि विमानं एकत्र दाटीवाटीनं. खऱ्या नागुमोला कोलंबोच्या दिवशी या बदलाबदलीनं खोळंबवलं. दोन महिन्यांनी, ४ जूनला, पॅसिफिक महासागरातल्या मिडवेच्या लढाईत पुन्हा तेच झालं, आणि अकागी, सोर्यू, हिर्यू तिथंच संपल्या.

खेळाच्या छापील नियमांत बुडवलेल्या जहाजांवर गुण मिळतात. मी ते पेन्सिलीनं खोडले आणि आरमार शाबूत राहिलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण लिहिला. भाचा त्यांना पळपुट्याचे गुण म्हणतो. म्हणू दे. त्या एप्रिलात सॉमरव्हिलचं आरमार बुडालं असतं, तर मुंबईपासून एडनपर्यंत मालाची जहाजं कोणाच्या भरवशावर जाणार होती?

गेल्या रविवारचा डाव सांगतो आणि थांबतो. दुपारी बाहेर लू सुरू झालेली, कूलर घरघरतोय. माझे तीन दिवस टेहळणीत गेले. चिठ्ठी यायची: ‘काही नाही.’ पुन्हा: ‘काही नाही.’ युद्धनौकांचं तेल दोनवर आलं. इतिहास पाठ असूनही मी मुकाट्यानं अड्डूचा रस्ता धरला, दुसरा पर्यायच नव्हता. अर्ध्या वाटेवर चिठ्ठी आली: ‘आग्नेयेला मोठी जहाजं. किती, माहीत नाही. विमान परत आलं नाही.’ युद्धनौका अड्डूकडे जाऊ दिल्या, विमानवाहू घेऊन मागं वळलो. रात्री रडारवाली अल्बाकोर चार दिशांना सोडली. मधल्या खोलीत फासा पडल्याचा आवाज ऐकला. चिठ्ठी: ‘काही नाही.’ उजाडताच पश्चिमेला पळालो. भाच्यानं सकाळी त्रिंकोमालीवर बॉम्ब टाकले, बंदर रिकामं. पाच तासांत एकही मोठं जहाज बुडालं नाही.

मग सौ.नं आपला पट आणून टेबलावर पसरला. त्यावर दोन रेघा होत्या, माझी निळी, त्याची लाल. त्या रात्रीच्या दुसऱ्या पाळीला दोन्ही रेघांच्या मध्ये एकच घर होतं. फासा एकानं जास्त पडला असता तर अकागी माझ्या टॉर्पेडोंसमोर अंधारात उभी होती. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून त्या घराकडे बघत राहिलो.

भाचा म्हणाला, ‘‘मामी, बरोबर त्या वेळी तुम्ही आम्हाला पोहे आणून दिलेत. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही!’’

‘‘मग काय करू?’’ ती म्हणाली. ‘‘गार होत होते.’’

नमस्कार.