व्हँडेलियाचे अधिवेशन: इलिनॉय, 1836–37

कास्कास्किया नदीकाठचे व्हँडेलिया हे 1836 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या राजधानीचे गाव. तिथल्या विटांच्या दुमजली विधानभवनात 5 डिसेंबरला राज्याच्या दहाव्या विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले, तेव्हा भिंतींचा गिलावा पुरता वाळलाही नव्हता. जुनी इमारत पाडून गावकऱ्यांनी एका उन्हाळ्यात ही नवी उभी केली होती. घाईचे कारण सरळ होते. व्हँडेलियाला राजधानीचा मान वीस वर्षांपुरता मिळाला होता आणि ती मुदत आता सरत आली होती.

खालच्या सभागृहात 91 सभासद, सिनेटमध्ये 40. सँगामन काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) नऊ जण सगळ्यांत उठून दिसत. सात प्रतिनिधी, दोन सिनेटर, आणि सगळे उंचेपुरे. त्यांना ‘लाँग नाइन’ हेच नाव पडले. त्यांतला सर्वांत उंच अब्राहम लिंकन, वय 27. राजधानी आपल्याच काउंटीतल्या स्प्रिंगफील्डला न्यायची, हे या नऊ जणांचे मुख्य काम.

त्याच हिवाळ्यात दुसरे विधेयक आले, अंतर्गत सुधारणांचे, म्हणजे राज्यातल्या रेल्वे नि नद्यांच्या कामांचे. त्यातल्या रकमा एकदा नजरेखालून घालाच. कैरो ते गॅलीना मध्यवर्ती रेल्वेला 35 लाख डॉलर. ऑल्टन ते माउंट कार्मेल रेल्वेला 16 लाख. इलिनॉय, वॉबॅश आणि रॉक या नद्यांना प्रत्येकी 1 लाख, कास्कास्कियाला 50 हजार. आणि ज्या काउंटीच्या वाट्याला रेल्वेही नाही नि नदीसुधारणाही नाही, त्यांना वाटायला 2 लाख रोख. एकूण बेरीज 1 कोटी अडीच लाखांच्या घरात, आणि सगळा पैसा कर्जरोखे विकून उभा करायचा. राज्याची वस्ती तेव्हा पाच लाखांनाही पोचलेली नव्हती.

ते 2 लाख म्हणजे मते जुळवण्याचा उघड मामला. रेल्वे मिळाली नाही म्हणून विरोधात जाईल अशी काउंटीच शिल्लक ठेवायची नाही!

पण खरी मेख दुसऱ्याच कलमात होती. मार्गांची कामे दोन्ही टोकांपासून, आणि जिथे जिथे मोठी नदी ओलांडायची तिथून दोन्ही दिशांना, एकाच वेळी सुरू करायची. आपल्या गावाचे काम मागे पडेल, ही धास्ती कुणालाच नको होती. रेल्वे बांधणारा सहसा असे करत नाही. तो एका टोकाकडून रूळ टाकत जातो, तयार पट्ट्यावरून पुढचे सामान नेतो, आणि तेवढ्या भागावर भाडेही मिळू लागते. इथे मात्र पैसा राज्यभर तुकड्यातुकड्यांत मातीत गेला, आणि एकही तुकडा दुसऱ्याला जोडलेला नव्हता.

गव्हर्नर जोसेफ डंकन यांचा विरोध होता. त्या काळी गव्हर्नर आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मिळून विधेयके तपासणारे मंडळ असे. त्याने हे विधेयक परत पाठवले. पण एकूण सभासदांच्या साध्या बहुमताने ते पुन्हा मंजूर करता येई. तसेच झाले आणि 27 फेब्रुवारी 1837 ला कायदा झाला.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहे एकत्र बसली, राजधानी ठरवायला. एकेका सभासदाचे नाव पुकारायचे, त्याने गावाचे नाव सांगायचे, आणि कुणाला बहुमत मिळेपर्यंत फेऱ्या घ्यायच्या. पहिल्या फेरीत स्प्रिंगफील्डला 35 मते, मग 43, मग 53. चौथ्या फेरीत 73. राजधानीचे दोनदा बाजूला पडलेले विधेयक लाँग नाइननी वर आणून इथवर पोचवले होते. रेल्वेच्या मतांच्या बदल्यात राजधानीची मते घेतली का, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. कामकाजाच्या नोंदीत सौदा लिहीत नाहीत. पण लागोपाठच्या या दोन तारखा बोलक्या आहेत, असे आमचे मत.

याच अधिवेशनातली आणखी एक नोंद सांगायलाच हवी. 20 जानेवारीला सभागृहाने गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारे ठराव 77 विरुद्ध 6 मतांनी मंजूर केले. त्या सहांत लिंकन होते. 3 मार्चला त्यांनी आणि डॅन स्टोन यांनी लेखी हरकत नोंदवली: गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे. गुलामगिरी रद्द करण्याच्या प्रचाराने मात्र तिचे दुष्परिणाम वाढतात, असेही त्याच हरकतीत होते. तरी त्या सभागृहात अशी सही करायला दोघेच पुढे आले. 6 मार्चला अधिवेशन संपले.

मे महिन्यात देशभरच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवले. रोख्यांना गिऱ्हाईक मिळेना, 1840 पर्यंत कामे थांबली, आणि 1842 मध्ये राज्याला व्याज भरता येईना. चालू झाला तो एकच पट्टा, मेरडोसिया ते स्प्रिंगफील्ड, साठेक मैलांचा. लाकडी तुळयांवर लोखंडाच्या चपट्या पट्ट्या ठोकलेल्या. या पट्ट्यांची टोके उचकटत, इंजिन मोडे, आणि मग डबे खेचायला खेचरे जुंपत. 1847 मध्ये राज्याने हा मार्ग 21,100 डॉलरच्या रोख्यांवर विकून टाकला.

स्प्रिंगफील्डवर राजधानीपोटी 50 हजार डॉलरचे देणे होते. शेवटच्या हप्त्यासाठी 1838 मध्ये 101 नागरिकांनी वचनचिठ्ठीवर सह्या केल्या. त्यांतली एक सही लिंकन यांची आहे.