लसीकेची वाट
(स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेविषयीच्या माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : फिजिओथेरपीची खोली. उताण्या झोपलेल्या मावशी. थेरपिस्टची बोटे मानेच्या दोन्ही बाजूंना.)

सूज डाव्या हाताला आहे, पण उपचाराची सुरुवात मानेपासून होते. गळ्याच्या आडव्या हाडाच्या वर दोन्ही बाजूंना जो लहानसा खळगा असतो, तिथे थेरपिस्ट ताईंनी बोटांची पेरे टेकवली आहेत. त्या तिथली कातडी जराशी सरकवतात, क्षणभर थांबतात आणि सोडून देतात. तेल लावलेले नाही, त्यामुळे बोटे घसरत नाहीत. सुजलेल्या हाताला अजून कोणी स्पर्शही केलेला नाही. दुखणे हाताचे असताना मानेला काय करता, असा प्रश्न इथे येणाऱ्या बहुतेक बायका पहिल्या दिवशी विचारतात, आणि तो विचारायलाच हवा, कारण या उपचाराचे सगळे तर्कशास्त्र त्याच्या उत्तरात आहे.

(दृश्य : रेखाचित्र. कातडीखालचे लसीकावाहिन्यांचे जाळे.)

रक्तातला काही द्रव केशवाहिन्यांच्या भिंतींतून सतत बाहेर पाझरत असतो आणि पेशींच्या आजूबाजूला साचतो. त्यातला जो भाग थेट रक्तात परतत नाही, तो आणि त्याच्यासोबत बाहेर पडलेली प्रथिने उचलून आणण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. या वाहिन्यांतून वाहणारा द्रव म्हणजे लसीका. निरोगी माणसाच्या शरीरात अशी दोन ते तीन लिटर लसीका दररोज रक्तात परत येते. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसीकेसाठी असा एखादा मध्यवर्ती पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींमधले स्नायू स्वतःच संथपणे आकुंचन पावतात, आतल्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत, आणि उरलेला जोर आसपासच्या स्नायूंच्या हालचालीतून व श्वासातून मिळतो. हा सगळा प्रवास मानेच्या तळाशी, मोठ्या शिरांमध्ये संपतो. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि डोक्याचा उजवा भाग यांची लसीका उजवीकडे उतरते, बाकीच्या सगळ्या शरीराची डावीकडे. वाट जिथे संपते तिथला मार्ग आधी मोकळा केला की मागून येणाऱ्या द्रवाला जागा मिळते, म्हणून बोटे प्रथम मानेवर जातात.

(दृश्य : काखेतली शस्त्रक्रियेची खूण.)

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी पसरू लागल्या की त्या सहसा आधी काखेतल्या लसीका ग्रंथींमध्ये, म्हणजे लसीका गाळणाऱ्या लहान गाठींमध्ये, पोहोचतात. म्हणून शस्त्रक्रियेत त्या ग्रंथी काढाव्या लागतात, आणि अनेकदा त्या भागाला किरणोपचारही द्यावे लागतात. जीव वाचवणारा हा निर्णय योग्यच असतो, पण हाताची लसीका त्याच ग्रंथींमधून जात असल्यामुळे तिचा नेहमीचा रस्ता तुटतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्या साधारण पाचांपैकी एका स्त्रीच्या हाताला अशी सूज येते. आता अनेक ठिकाणी पहिली एखाद-दुसरी ग्रंथी तपासून, ती निर्दोष निघाली तर बाकीच्या तशाच ठेवल्या जातात, आणि मग हे प्रमाण विसांत एकीच्या आसपास येते. या सुजेला डॉक्टर लिम्फेडीमा म्हणतात. साठलेल्या द्रवात प्रथिने असल्यामुळे ती नुसत्या पाण्याच्या सुजेसारखी वागत नाही. सुरुवातीला बोटाने दाबले की खळगा पडतो आणि रात्रभर हात उंचावर ठेवला की सकाळी ती ओसरते, पण दुर्लक्ष झाले तर आतल्या ऊती घट्ट होत जातात आणि मग हात उंच ठेवून भागत नाही.

(दृश्य : जुन्या वैद्यकीय ग्रंथांची पाने.)

ही उपचारपद्धती बरीच जुनी आहे. अलेक्झांडर फॉन विनिवार्टर या शल्यचिकित्सकाने 1892 साली अशा सुजेसाठी अवयव उंच ठेवणे, दाब देणारी पट्टी, हलके मर्दन आणि व्यायाम यांची सांगड घातली होती, पण त्याच्यानंतर ती पद्धत मागे पडली. पुढे 1930च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर हे डेन्मार्कचे दांपत्य फ्रान्समधल्या कान शहरात काम करत होते. त्यांच्याकडे सततच्या सर्दीने आणि मानेतल्या सुजलेल्या गाठींनी त्रस्त झालेले रुग्ण येत. गाठींना हात लावू नये असा तेव्हाचा दंडक असतानाही या दोघांनी अतिशय हलक्या, गोलाकार हालचालींनी मानेवर काम करून पाहिले, आणि 1936 मध्ये पॅरिसमध्ये आपली पद्धत लोकांपुढे मांडली. एमिल व्होडर हे वैद्यकीय पदवीधर नव्हते, त्यामुळे डॉक्टरांच्या जगात तिला मान्यता मिळायला पुष्कळ वर्षे लागली. हंगेरीत जन्मलेले डॉ. मिखाएल फोल्दी आणि त्यांच्या पत्नी एटेल्का यांनी पुढे जर्मनीत हे मर्दन, पट्ट्या, त्वचेची निगा आणि व्यायाम एकत्र आणून आजच्या उपचाराला पक्के रूप दिले. स्पर्शाकडे वैद्यकाने इतकी वर्षे दुय्यम म्हणून पाहिले नसते, तर किती हात वेळेवर सावरले असते, हा विचार ही पाने चाळताना मनात येतोच.

(दृश्य : थेरपिस्टचे हात छातीवरून उजव्या काखेकडे. जवळून चित्रण.)

मानेनंतर हात उजव्या काखेकडे वळतात. त्या बाजूच्या ग्रंथी शाबूत आहेत, त्यामुळे डावीकडच्या द्रवाचा भार त्यांच्याकडे सोपवता येतो. शरीराच्या कातडीखाली लसीकेचे वेगवेगळे प्रदेश असतात आणि त्यांच्या सीमांवर बारीक वाहिन्यांचे दुवे असतात, जे एरवी फारसे वापरले जात नाहीत. छातीवरून आडवे, डाव्या बाजूकडून उजव्या काखेकडे जाणारे हे हात त्याच दुव्यांना कामाला लावत आहेत. दुसरी वाट डाव्या जांघेकडे जाते, म्हणून आधी जांघेतल्या ग्रंथींवर काम होते आणि मग कमरेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने काखेपर्यंतची कूस घेतली जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर हालचालीचा रोख खाली जांघेकडे असतो. या दोन्ही वाटा तयार झाल्यावरच सुजलेल्या हाताची पाळी येते, आणि तिथेही आधी दंड, मग कोपर, मग मनगटाकडचा भाग आणि शेवटी तळहात व बोटे असा क्रम असतो, कारण पुढचा रस्ता रिकामा झाल्याशिवाय मागचा द्रव ढकलून उपयोग नाही. किरणोपचाराने लाल किंवा नाजूक झालेली कातडी या सगळ्यात टाळली जाते.

आता या हातांचा वेग आणि दाब नीट पाहा. महाराष्ट्रात मालिश म्हटले की बाळंतिणीच्या अंगाला जोर लावून रगडणारे हात आठवतात, आणि घरची माणसे प्रेमापोटी सुजलेला हातही तसाच चोळू पाहतात. या सुजेत तसे करणे धोक्याचे आहे. लसीकेच्या पहिल्या वाहिन्या कातडीच्या अगदी लगेच खाली असतात, त्यांच्या भिंतींना बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींशी बांधलेले असते, आणि कातडी हलकेच ताणली गेली की ते तंतू ओढले जाऊन भिंतीतली दारे उघडतात. जास्त जोर लावला तर त्याच वाहिन्या चेपल्या जातात, शिवाय रक्ताचा ओघ वाढून सूज वाढू शकते. तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल घालताना आजीचा हात जितका हलका पडतो, तितकाच दाब इथे पुरेसा आहे. थेरपिस्ट ताई मावशींचा उजवा हात त्यांच्याच डाव्या दंडावर ठेवून शिकवत आहेत : "मावशी, दाबू नका. नुसती कातडी सरकवा आणि सोडून द्या. सोडणं विसरू नका." घरी स्वतः करायचे असेल तर वीसेक मिनिटांत हे सगळे होते, पण ते आधी प्रशिक्षित माणसाकडून हात धरून शिकावे लागते.

(दृश्य : पोटावर हात ठेवून चाललेला श्वास.)

मर्दनाच्या आधी आणि नंतर काही खोल श्वास घेतले जातात. गुडघे वाकवून, दोन्ही हात पोटावर ठेवून, नाकाने सावकाश श्वास घेताना पोट वर येते आणि हळूहळू सोडताना ते खाली बसते. शरीरातली सर्वांत मोठी लसीकावाहिनी पोटातून कण्याच्या कडेने छातीत जाते आणि डाव्या मानेपाशी उघडते. श्वास घेताना श्वासपटल खाली येऊन पोटातला दाब वाढतो आणि छातीतला दाब कमी होतो, त्यामुळे त्या वाहिनीतला द्रव वर ओढला जातो. कपालभातीसारखे वेगाचे प्रकार इथे अपेक्षित नाहीत. चार-पाच श्वास पुरेसे असतात, आणि चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

(दृश्य : पट्टी बांधणे. बोटांपासून दंडापर्यंत.)

केवळ मर्दनाने हे काम होत नाही, हे इथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. झालेल्या अभ्यासांतून असे दिसते की सूज उतरवण्याचा मोठा भार दाबाच्या पट्ट्या उचलतात, आणि मर्दनाने त्यात थोडी भर पडते, तीही मुख्यतः सूज सौम्य किंवा मध्यम असताना. लसीकेच्या मालिशने शरीरातली विषे निघून जातात, चेहरा उजळतो किंवा वजन उतरते, अशा जाहिरातींना काही आधार नाही. निरोगी शरीरात हे काम आपोआप होत असते. पट्टी बांधताना आधी मऊ कापसाचा थर येतो, प्रत्येक बोटाला वेगळी अरुंद पट्टी लागते, आणि मग कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे वेढे मनगटाकडे जास्त व दंडाकडे कमी दाब येईल असे घेतले जातात. मावशींची सून शेजारी उभी राहून प्रत्येक वेढा पाहते आहे. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर पट्टी लगेच सोडायची, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतले जाते. सूज उतरल्यावर पट्ट्यांच्या जागी दिवसा घालायची दाबाची बाही येते. ती महाग असते आणि साधारण सहा महिन्यांनी सैल पडून बदलावी लागते.

(दृश्य : सोलापूर जिल्ह्यातले घर. अंगण, भिंत, चूल.)

घरी आल्यावरचे व्यायाम साधे आहेत, पण ते बाही किंवा पट्टी बांधलेली असतानाच करायचे असतात, कारण बाहेरून आधार असला की आतला स्नायू आवळताना लसीकावाहिन्यांवर नेमका दाब येतो. खांदे मागे फिरवणे, मूठ मिटून उघडणे, कोपर वाकवून सरळ करणे आणि भिंतीवर बोटांनी चालत हात वर नेणे, या प्रत्येक हालचालीला सावकाश वेळ द्यावा लागतो. मावशी अंगणातल्या भिंतीशी उभ्या राहून ते करत आहेत आणि नात शेजारच्याच भिंतीवर तसेच करते आहे. अशा हाताने काही उचलायचेच नाही असे पूर्वी सांगितले जाई. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 141 स्त्रियांच्या अभ्यासात मात्र देखरेखीखाली अगदी हळूहळू वजन वाढवत नेलेल्यांची सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. त्यामुळे भाकरी थापायला, पाणी भरायला किंवा शेतात जायला कायमची बंदी नाही. चुलीची धग, विळीचा काप, काट्याचे ओरखडे आणि किडा-मुंगी चावणे यांपासून मात्र कातडी जपावी लागते, म्हणून भाकरी उलटायला चिमटा आला आहे, रानात जाताना हातमोजा असतो आणि रात्री हात धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल लावले जाते.

(दृश्य : फडताळातल्या बांगड्या. ब्लाऊजची उसवलेली बाही.)

अशा हातात जंतुसंसर्ग लवकर शिरतो. हात लाल, गरम होऊन ताप आला तर मर्दन आणि पट्टी दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. रक्ताची गुठळी किंवा हृदयाचा गंभीर विकार असेल, तर त्यांच्या सल्ल्याशिवाय यातले काहीच सुरू करू नये.

(दृश्य : मोजपट्टी. दोन्ही हातांवर पेनाच्या खुणा.)

सूज शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते, पण ती कित्येक वर्षांनीही येऊ शकते. मनगटापासून ठराविक अंतरांवर खुणा करून दोन्ही हातांचा घेर दर महिन्याला मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. एकाच खुणेवर दोन्ही हातांत दोन सेंटीमीटरचा किंवा त्याहून अधिक फरक आढळला, तर तो सुजेचा इशारा मानतात. रोज वापराचा हात मुळातच थोडा जाड असू शकतो, म्हणून पहिले माप शस्त्रक्रियेच्या आधीच घेतलेले असावे. त्याला मोजपट्टी, पेन आणि पाच मिनिटे लागतात. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की हे माप घ्या, असे रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने स्वतःहून सांगावे, आणि मोजपट्टी घरूनच नेली तरी चालेल.