दोन नद्यांच्या मधले लुआंग प्रबांग

उत्तर लाओसच्या डोंगरांतून वाहत आलेल्या मेकाँगला नाम खान ही लहान नदी जिथे मिळते, तिथे दोन्ही प्रवाहांच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरते. लुआंग प्रबांगचे जुने शहर याच पट्टीवर वसले आहे. थायलंडच्या सीमेवरील हुआय साय येथून निघालेली लांबट लाकडी बोट वाटेत पाकबेंगला रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या धक्क्याला लागते. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने राजधानी व्हिएन्टिआनपासून हेच शहर जेमतेम दोन तासांवर आणून ठेवले आहे. तरीही हा माहितीपट चित्रित करणाऱ्या माझ्या मित्राने येताना बोटीचाच हट्ट धरला आणि तो रास्त होता, कारण पाण्यावरून आलेल्या माणसाला इथली संथ लय वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मात्र हा निवांतपणा आपोआप आलेला नाही. १३५३ साली फा न्गुम याने स्थापन केलेल्या लान शांग राज्याची राजधानी इथे होती. सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरात याने ती व्हिएन्टिआनला हलवली आणि राज्यकारभाराची वर्दळ तिकडे गेली. इथे राहिले ते विहार आणि पुढे १९७५ पर्यंत टिकलेले राजघराणे. १९९५ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिल्यावर जुन्या भागातील बांधकामावर कडक बंधने आली. आज आपल्याला जी शांतता नैसर्गिक वाटते, तिच्यातला बराचसा भाग नियमांनी राखलेला आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सेत्थाथिरातच्याच काळातले वाट शिएंग थोंग हे मंदिर पट्टीच्या टोकाजवळ आहे. त्याचे एकावर एक उतरत आलेले छप्पर जवळजवळ जमिनीला टेकते आणि मागच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांनी जडवलेला एक मोठा वृक्ष आहे. ऊन सरकेल तसे त्यातले वेगवेगळे तुकडे चमकू लागतात, त्यामुळे एकाच भिंतीसमोर आमचा बराच वेळ गेला. फूसी टेकडीवर सूर्यास्ताला होणारी गर्दी आम्ही सरळ टाळली.

पहाटे भिक्षूंची रांग भिक्षापात्रे घेऊन निघते आणि रस्त्याकडेला बसलेले गृहस्थ त्यांच्या पात्रांत चिकट भाताचे घास घालतात. हा धार्मिक विधी आहे, देखावा नव्हे. भिक्षूंच्या तोंडासमोर कॅमेरे धरणारे पाहुणे पाहून माझ्या मित्राने आपला कॅमेरा पिशवीत ठेवला, आणि म्हणूनच या विधीचे दृश्य या माहितीपटात नाही.

शहराचे खरे वेळापत्रक नदीकडे आहे. पावसाळा सरून पाणी उतरले की उघड्या पडलेल्या काठावर भाजीचे वाफे उभे राहतात आणि नाम खानवर बांबूचा पूल बांधला जातो. तो ओलांडताना थोडे पैसे द्यावे लागतात आणि पुढच्या पावसाआधी तो काढून घेतात. याच दिवसांत नदीतले हिरवे शेवाळ गोळा करून, धुऊन, पातळ थापले जाते. त्यावर तीळ, लसूण आणि टोमॅटोच्या चकत्या पसरून ते आपल्याकडच्या वाळवणासारखे उन्हात ठेवतात. तळल्यावर ते कुरकुरीत होते आणि तिखट चटणीबरोबर खातात. याला काइपेन म्हणतात.

मेकाँगचे पाणी कधी चढावे आणि कधी उतरावे, हे मात्र आता केवळ पावसावर ठरत नाही. वरच्या अंगाला चीनमध्ये मोठी धरणे आहेत, खालच्या अंगाला सायाबुरी धरण २०१९ पासून वीज देत आहे, आणि शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला, १,४६० मेगावॅटचा आणखी एक प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. त्याचा वारसास्थळावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास जागतिक वारसा समितीने लाओसकडे मागितला. वाफे लावणाऱ्यांना आणि शेवाळ वेचणाऱ्यांना त्या अभ्यासातला एकच आकडा हवा असेल: पाणी काठावरून कधी उतरेल.