पऱ्हाटी पेटवण्याआधी

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. कापसाचा शेवटचा वेचा झाला की धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर, पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग पेटतात. आजचं बोलणं त्या ढिगाबद्दल आहे.

कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. यात मोठा दोष कोळशाचा आणि तेलाचा, पऱ्हाटीचा नव्हे. तिच्यातला कर्ब, म्हणजे कार्बन, तर त्याच हंगामात हवेतून आलेला असतो. मग जाळल्यानं बिघडतं काय? बिघडते ती माती. आणि नातवंडांनी काय खायचं, हे या वरच्या वीतभर मातीवरच ठरणार आहे.

हिशेब करून पाहा. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला, तर त्या मातीचं वजन ८०० टनांच्या आसपास भरतं. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आहे आणि तो ०.५ करायचा, तर ८०० किलो कर्ब मातीत टिकायला हवा. एकरी पऱ्हाटी निघते साधारण एक टन. तिच्यात कर्ब साडेचारशे किलोच्या जवळपास. कुजवताना त्यातला निम्मा उडतो, उरलेल्यातला बराच मातीतले जिवाणू खातात. वर्षाला पन्नास-साठ किलो टिकला तरी पुष्कळ, आणि आहे तो कर्ब टिकवायलाही दरवर्षी भर लागतेच. म्हणजे हे काम पंधरा-वीस वर्षांचं. पेटवलं की तेवढंही हाती राहत नाही. नत्र धुरात जातं, पालाश राखेत उरतं, पण सगळं धुऱ्याच्या एकाच कोपऱ्यात.

तुम्ही म्हणाल, गुलाबी बोंडअळीचं काय? प्रश्न रास्त आहे. २०१७ चा हंगाम कोणी विसरलेलं नाही. अळी न उमललेल्या बोंडांत आणि सरकीत दडून राहते, म्हणून पऱ्हाटी वावरात किंवा जळतणाची गंजी करून घराशेजारी ठेवणं वाईटच. पण अळी मारायला आगच लागते असं नाही. बारीक तुकडे केले की बरीचशी तिथंच मरते. उरलेली, ढीग नीट तापला, म्हणजे आतून ५५-६० अंशांवर गेला, तर शिजते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेला कापूस, मात्र ठेवू नका. त्यावर दुसरा उपाय नाही.

आता कृती. पऱ्हाटी चिमट्यानं उपटा आणि मुळांची माती झटका. ती तशीच राहिली की श्रेडरची पाती बोथट होतात, मग यंत्राला दोष देतो आपण. मग श्रेडरमधून काढा, तुकडे दोन ते पाच सेंटिमीटरचे हवेत. एक टन भुशाला पाचशे किलो ताजं शेण पाण्यात कालवून आणि दहा किलो युरिया विरघळवून थराथरानं शिंपा. पऱ्हाटीत कर्ब फार आणि नत्र कमी, म्हणून ही नत्राची भर. ढीग दीड मीटर रुंद, एक ते सव्वा मीटर उंच, लांबी जागेप्रमाणे. पाणी एकूण हजार-बाराशे लिटर लागतं. म्हणूनच हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. एप्रिलच्या उन्हात टँकर मागवून कंपोस्ट करणं परवडत नाही.

मूठ दाबून पाहा. तळवा ओला व्हावा, थेंब पडू नये. वरून कुटाराचा थर द्या, जमल्यास झाडाची सावली बघा. दर पंधरा दिवसांनी ढीग उलटा, आतलं बाहेर, बाहेरचं आत. आत पांढरी कोरडी बुरशी दिसली तर पाणी कमी पडलंय. कुजकट वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. नाकात झोंबलं तर युरिया जास्त. साधारण तीन महिन्यांत भुसा काळा पडतो आणि बोटांत चुरतो.

घाई करून कच्चा भुसा वावरात मिसळाल तर तो कुजताना मातीतलंच नत्र ओढतो आणि सोयाबीन नाही तर कापूस पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, कंपोस्टनं नुकसान केलं.

काही जण खड्ड्यात कमी हवेत जाळून कोळसा, म्हणजे बायोचार, करतात. त्यातला कर्ब मातीत फार काळ टिकतो, हे खरं. पण तो अल्कधर्मी असतो आणि आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास असतोच. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. इतरत्रही आधी पिकाच्या दोन-चार ओळींवर वापरून बघा.

माती परीक्षणाचा नमुना आत्ताच काढून ठेवा. धुऱ्यापासून आणि उकिरड्याच्या जागेपासून दूर, आठ-दहा ठिकाणची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती, मिसळून अर्धा किलो. जागा आणि महिना वहीत लिहा. तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी पुन्हा नमुना घ्यायचा आहे.