चार बाजू पुरत नाहीत

चौकोनाच्या परिमितीवर मी फार वेळ घेणार नाही. चारही बाजू मोजा, बेरीज करा, झालं. चौरसाला बाजूची चौपट, आयताला लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट, ही सूत्रं म्हणजे त्या बेरजेचीच आखूड रूपं. ती पाठ नसली तरी काही अडत नाही. पथ्य एकच: चारही मापं एकाच एककात हवीत.

क्षेत्रफळाचं मात्र तसं नाही. चौकोनाच्या चारही बाजू अगदी अचूक माहीत असल्या, तरी तेवढ्यावरून त्याचं क्षेत्रफळ सांगता येत नाही. शाळेत बहुतेक वेळा चौरस आणि आयतच समोर येतात, म्हणून ही गोष्ट झाकलेली राहते. आज मला तीच उघड करायची आहे.

जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घ्या. भोकापासून भोकापर्यंतचं अंतर प्रत्येकीचं १० सेंटिमीटर. टोकांशी टाचण्यांनी सैलसर जोडा आणि चौकट टेबलावर ठेवा. कोपरे काटकोनात असतील तर हा चौरस झाला, क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून हलकेच ओढा. चौकट कलते. पट्ट्या त्याच, परिमिती तीच ४०, पण आतली जागा आकसायला लागते. एक कर्ण १६ आणि दुसरा १२ झाला की क्षेत्रफळ उरतं ९६. छोटा कर्ण ४ पर्यंत आणलात तर मोठा १९.६ च्या आसपास जातो आणि क्षेत्रफळ जेमतेम ३९. आणखी ओढत गेलात तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि आत काहीच उरत नाही. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून बघा, तो हलणार नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो. चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही.

मघाशी ९६ कुठून आले? समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, म्हणून क्षेत्रफळ म्हणजे कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं: १६ गुणिले १२, भागिले २. हे सूत्र पतंगालाही लागू पडतं. खरं तर ज्या चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब आहेत, त्या प्रत्येकाला ते चालतं, बाजू कितीही वेड्यावाकड्या असोत. पुस्तकात ते समभुज चौकोनाच्या नावाखाली छापलेलं असतं, त्यामुळे त्याचा पल्ला केवढा आहे हे कळत नाही.

समांतरभुज चौकोनात एक चूक वारंवार होते: पाया गुणिले तिरकी बाजू. गुणायचं असतं उंचीने, म्हणजे समोरासमोरच्या समांतर बाजूंमधल्या लंब अंतराने. का, ते कापून बघा. एका टोकाचा काटकोन त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला लावला की आयत होतो आणि त्या आयताची रुंदी म्हणजे ती उंची. तिरकी बाजू परिमितीत मोजली जाते, क्षेत्रफळात नाही. समलंब चौकोनात समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन. तसलाच दुसरा समलंब उलटा करून शेजारी ठेवा, दोन्ही मिळून समांतरभुज होतो. सूत्र समोर दिसतं.

आता ज्याची कोणतीही बाजू कुणाला समांतर नाही असा चौकोन. जमीन मोजणाऱ्यांना हाच नेहमी भेटतो, आणि फार जुन्या काळापासून त्यावर एक सोपी युक्ती चालत आली: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन्ही सरासऱ्या गुणा. इजिप्तमधल्या एडफूच्या मंदिराच्या भिंतींवर जमिनींची क्षेत्रफळं अशाच रीतीने काढलेली कोरली आहेत. तिथे त्रिकोणी तुकडासुद्धा चौथी बाजू शून्य धरून मोजलाय! ही रीत फक्त आयतालाच बरोबर उत्तर देते. इतर प्रत्येक चौकोनात उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच येत नाही.

इसवी सन ६२८ मध्ये भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताने एका श्लोकात ही रीत दिली, पण तिला स्थूल म्हटलं आणि शेजारी सूक्ष्म रीतही दिली. चारही बाजूंच्या बेरजेचं निम्मं करा. त्यातून एकेक बाजू वजा करा. आलेल्या चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. एक उदाहरण करू. बाजू ओळीने २५, ३९, ६० आणि ५२. बेरीज १७६, निम्मे ८८. वजाबाक्या ६३, ४९, २८ आणि ३६. गुणाकार ३१,११,६९६, त्याचं वर्गमूळ बरोबर १७६४. स्थूल रीतीने हेच उत्तर १९३३.७५ येतं. फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ १७० आहे.

पण थांबा. चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतच नाही असं मी आत्ताच म्हटलं, मग हे सूत्र नेमकं कुठल्या चौकोनाचं उत्तर देतं? ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर आहेत, त्या चक्रीय चौकोनाचं. ही अट त्या श्लोकात उघड शब्दांत येत नाही. त्याच चार बाजूंनी बनणाऱ्या सगळ्या चौकोनांत चक्रीय चौकोनाचं क्षेत्रफळ सर्वांत मोठं असतं, म्हणून हे सूत्र आपल्याला कमाल मर्यादा सांगतं.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त ही दुखरी जागा बरोबर पकडली. तीच रीत सांगताना त्यांनी त्रिकोणासाठी (चौथी बाजू शून्य धरून) ती स्पष्ट आणि चौकोनासाठी अस्फुट, म्हणजे अचूक नसलेली, ठरवली. पुढे तर ते चक्क चिडतात: लंब किंवा कर्ण यांपैकी काहीच न सांगता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहूनही मोठा पिशाच्च, कारण चौकोनाची स्थिती अनियत, म्हणजे न ठरलेली, असते हे त्याला ठाऊक नाही. गणिताच्या ग्रंथात एवढी कळकळ क्वचितच भेटते. मला हा श्लोक फार आवडतो. प्रश्न अपुरा आहे हे ओळखणं हेही गणितच आहे, असं ते ठणकावून सांगतात.

मग उपाय काय? पाचवं माप. एक कर्ण मोजा, चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण तर तीन बाजूंनी पक्का होतो. वरच्याच चौकोनात २५ आणि ३९ या बाजूंबरोबर त्रिकोण करणारा कर्ण ५६ असेल, तर एक त्रिकोण ४२० आणि दुसरा १३४४, एकूण १७६४. तोच कर्ण मोजल्यावर ४० निघाला, तर त्रिकोण ४६८ आणि जवळजवळ १०२५. बेरीज सुमारे १४९३. बाजू त्याच, परिमिती तीच १७६, आणि क्षेत्रफळात सुमारे २७१ चा फरक.

एखादा कोपरा आत वळलेला असेल तर मात्र जो कर्ण आकृतीच्या आतून जातो तोच घ्यायचा. बाहेरून जाणारा घेतलात तर दोन त्रिकोणांची बेरीज नव्हे, वजाबाकी करावी लागते.

शक्य असेल तिथे दुसराही कर्ण मोजून ठेवा. उत्तरासाठी त्याची गरज नाही, पडताळ्यासाठी आहे. कर्ण ५६ असलेल्या आकृतीत तो ६३ भरतो. त्याने पडणारे त्रिकोण ६३० आणि ११३४, बेरीज पुन्हा १७६४. दोन्ही कर्णांवरून केलेल्या बेरजा जुळल्या नाहीत, तर सहापैकी कुठलं तरी माप चुकलेलं आहे. आकडेमोड तपासून झाली की फीत घेऊन परत मोजायला जायचं.